आठ भोकांची वाटी

साकीनाका, अंधेरी (पूर्व)
३ नोव्हेंबर १९८५

प्रिय धोंडिबा,

गोळा कितीला पडला ते आधी सांगतो, कारण तू तेच विचारणार. सत्तावन्न दिवस. बिघडलेले तीन गोळे, त्यातला एक आता गाळ्याचं दार आपटू नये म्हणून लावलाय. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख. गाळ्यातल्या आपल्या राजारामच्या चुलतबहिणीचं लग्न, ज्याला तो गेला नाही आणि अजून घरी ऐकून घेतोय. विमलाची गणपतीतली गावची फेरी. आणि माझा उजवा खांदा, जो आता भाकरी मोडतानासुद्धा कुरकुरतो. एवढं सगळं घातलं तेव्हा पपनसाएवढा एक पोलादी गोळा हातात आला. पण काय गोळा, धोंडिबा! डायल लावून फिरवला तर काटा झोपलेला, जागचा हलत नाही.

काम कुणाचं विचार. वर्दे मॅडमचं. पार्ल्याच्या अनुपमाबाई, ८१ साली ज्यांचं छोटं चाक आपण करून दिलं होतं. आता त्या डॉक्टर झाल्यात, उपग्रहावर संशोधन करतात. मला त्यांनी समजावलं ते असं. उपग्रह आपल्या डोक्यावरून जेमतेम दहा मिनिटं जातो, बाकी वेळ तो कुणालाच दिसत नाही. तेव्हा तो कलला, बिघडला, तर खालून सांगणार कोण? म्हणून त्याने स्वतःच ओळखायचं की काय बिघडलंय, आणि स्वतःच सावरायचं. तो प्रोग्रॅम मॅडम लिहितायत. पण त्याची तालीम घ्यायला यंत्र अधांतरी पाहिजे. म्हणून ही वाटी, वाटीला सुईच्या टोकाएवढी आठ भोकं, भोकांतून हवा, हवेवर माझा गोळा, गोळ्यावर टेबल. टेबलावर बॅटरी, कॉम्प्युटरची पाटी आणि सावरणारी चाकं. फुंकर मारलीस तर फिरतच राहतं, थांबायचं नाव नाही.

दसऱ्याच्या आधी कॉम्प्रेसर लावून बघितलं. एक नंबर. मग दसऱ्याला दणक्यात पूजा केली. गोळ्याला झेंडूचा हार, वाटीला हळदकुंकू, अक्षता. अख्खी इंडस्ट्रियल इस्टेट बघायला लोटली होती. समोरचा पटेल, ज्याने जन्मात कुणाला चांगलं म्हटलं नाही, तो हात जोडून उभा. मी सगळ्यांना सांगितलं, बघून घ्या, हा गोळा आकाशात जाणार आहे. चार दिवसांनी टेम्पोतून गादीवर ठेवून मॅडमच्या संस्थेत पोचवला.

तुझं कसं चाललंय? सातपूरला व्हॉल्व्हच घासतोयस का अजून? तेही लागतातच म्हणा कुणाला तरी.

तुझा,
गुणाजी घाडी

ता. क. गोळ्याचं लॅपिंग, पेस्ट चोळून शेवटच्या घासणीपर्यंत, मी केलं. स्वतः.

•

सातपूर, नाशिक
११ नोव्हेंबर १९८५

गुण्या,

जय भीम. पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना जळलो, दुसऱ्यांदा वाचलं ते नीट जळावं म्हणून.

खोटं कशाला बोलू. अकरा वर्षं त्या गाळ्यात मी पेस्ट चोळली, आणि असलं काम आलं ते मी गेल्यावर तिसऱ्या वर्षी. शकु म्हणाली, जेवत का नाही? म्हटलं, साकीनाक्याला एक गोळा झालाय, तो घशात अडकलाय.

लॅपिंग तू केलंस हे ता. क. मध्ये का लिहिलंस? जे काम माणूस अभिमानाने करतो ते वर लिहितो. किती मायक्रॉनचा फरक आला तेही लिहिलं नाहीस. 'काटा झोपला' हे माप नाही. काटा झोपतो तेव्हा डायलही बिघडलेली असू शकते. आपल्याकडे तसं एकदा झालं होतं, आठवतं ना?

आणि एक शंका. गोळा हवेवर तरंगतो म्हणतोस. वर आकाशात हवा नसते असं माझा सहावीतला मुलगा सांगतो. मग तिथे तुझा गोळा तरंगणार कशावर?

हो, व्हॉल्व्हच घासतो. माझ्या शेडच्या पाटीवर मात्र माझंच नाव आहे. लहान पाटी आहे, तरी मावलं. तुझ्या पेंटरला ८२ साली 'घाडी'पुढे 'निकाळे' लिहायला जागा पुरली नव्हती, तो पेंटर अजून आहे का रे?

धोंडिराम

•

साकीनाका
९ डिसेंबर १९८५

धोंडिबा,

उशीर झाला, मॅडमकडे फेऱ्या चालू आहेत. पाटीचं उकरून काढू नकोस. ते पेंटरचं होतं, हजारदा सांगितलंय.

मॅडमचं टेबल नीट चालत नाही. सोडलं की सूर्याच्या दिव्याकडे तोंड करून स्थिर राहायला पाहिजे. (सूर्य म्हणजे भिंतीवर लावलेला मोठा बल्ब.) राहतं दोन मिनिटं. मग हळूहळू डावीकडे सरकायला लागतं. चाक त्याला सावरतं, ते परत सरकतं, चाक अजून जोरात फिरतं, आणि सहाव्या सातव्या मिनिटाला चाकाचा दम संपतो. मग टेबल चक्क पाठ फिरवून बसतं. रुसलेल्या नव्या नवरीसारखं.

चूक प्रोग्रॅमची आहे. मी मॅडमना तोंडावर तसं म्हटलं नाही, बाईमाणूस, आधीच वाळल्यात. पण मशीन ओके आहे, मग राहिलं काय? कागदावरचंच ना. त्यांचेच सहकारी तसं बोलतात, मी जिन्यात ऐकलं. एक जण म्हणाला, "उपग्रह स्वतः विचार करणार म्हणे! बाईंनी आधी केला असता तर?" दुसरा हसला. माझे कान तुला माहीत आहेत, भिंतीपलीकडचंही निसटत नाही.

आता तुझ्याकडे येतो. मॅडमच्या लिहायच्या टेबलावर एक पोस्टकार्ड दिसलं. अक्षर लांबून ओळखलं, तुझा 'ध' अजून पाट मोडल्यासारखाच आहे. तू त्यांना पत्रं लिहितोस? कधीपासून? पत्ता कुणी दिला, राजारामने? गोळा माझा, वाटी माझी, खांदा माझा, आणि सल्ला सातपूरचा? विचारायचं होतं तर मला विचारायचं. मी काय वारलो?

वर हवा असते की नसते ते शास्त्रज्ञ बघतील. आपण जॉब दिला, आपलं काम संपलं.

गुणाजी

•

विलेपार्ले (पूर्व)
१४ डिसेंबर १९८५

श्री. धोंडिराम निकाळे यांस,
स. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. लॅपिंगच्या पेस्टबद्दल मी विचारलं आणि तुम्ही इतकं तपशिलाने कळवलंत, त्याबद्दल आभारी आहे. पण मला आता वाटतं, मी चुकीच्या जागी शोधते आहे. दोष बहुधा माझ्याच कामात आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या प्रोग्रॅमचं काम एवढंच, की टेबल सरकायला लागलं तर का सरकतंय ते त्याने ओळखायचं. दिवा बघणारा त्याचा डोळा चुकतोय, चाक चुकतंय, की त्याचं स्वतःचं गणित? पहिल्या दिवसापासून तो एकच उत्तर देतो: तिन्ही ठीक आहेत, दोष बाहेरून येतोय. बाहेर तर काहीच नाही. खिडक्या बंद, पंखे बंद, आम्ही श्वाससुद्धा जपून घेतो. म्हणजे प्रोग्रॅमच स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलतोय, असा अर्थ मी काढला आणि तो चौदा वेळा बदलला. आता तो म्हणतो, चूक माझीच. पण टेबल तरी सरकतंच.

वीस जानेवारीला बाहेरगावचे तिघे परीक्षक येणार आहेत. टेबल त्यांच्यासमोर वीस मिनिटं आपलं आपण स्थिर राहिलं पाहिजे. नाही राहिलं, तर ते भांडारात जाईल आणि मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पुन्हा ड्रॉइंग शिकवायला लागेन. तीन वर्षं यात गेली. माझ्याबरोबरची एक मैत्रीण परदेशात हेच काम करते. तिच्या टेबलाचा फोटो आला आहे, तो मी कपाटात उलटा ठेवला आहे. असं वागू नये हे कळतं.

श्री. घाडी फार आस्थेने येतात. गेल्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, हवेचा आवाज एकदा ऐकून बघता का? ते वाटीपाशी कान लावून चांगली दहा मिनिटं बसले. मग उठून म्हणाले, "झकास आहे." त्यामुळे ती बाजू तरी निश्चिंत झाली.

आपली,
अनुपमा वर्दे

•

सातपूर
२० डिसेंबर १९८५

गुणाजी,

मॅडमचं पत्र आलं. त्यात लिहिलंय, तू वाटीपाशी कान लावून दहा मिनिटं बसलास.

गुण्या, तुला दहा सेकंद पुरतात. घाटकोपरच्या त्या कारखान्यात तू शिफ्ट सुरू होताना दारातूनच सांगायचास, तिसऱ्या लेथचं बेअरिंग गेलंय. फोरमन तुला 'कान्या' म्हणायचा. आपण धंदा काढला तेव्हा ठरलेलं काय होतं? कान तुझा, हात माझा. दहा मिनिटं तू ऐकत नव्हतास. पहिल्या दहा सेकंदांत ऐकलंस, आणि बाकी वेळ काय बोलायचं ते जुळवत बसलास.

तू मला ९ तारखेला चार पानं लिहिलीस. जिन्यातले दोघे काय बोलले तेही लिहिलंस. हवेचा आवाज कसा होता ते लिहिलं नाहीस.

आता मी सांगतो, ऐक. तुझ्या पहिल्या पत्रात आहे: दसऱ्याच्या आधी हवा लावून बघितली, मग पूजा, मग टेम्पो. पूजेनंतर परत हवा लावलीस? नाही. वाटी पुसलीस? वरून पुसली असशील, ती चकाकत असणार. भोकांत कोण उतरलं?

अकरा दसरे आपण एकत्र काढले. पूजा तुझी असायची, मी त्यात नव्हतो, तूही कधी जबरदस्ती केली नाहीस, ते मानतो. दसऱ्याला मी पांढरा सदरा घालून माझ्या विहारात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला कोण यायचा? तू यायचास नऊला. मी सातला. रॉकेलची चिंधी आणि सतारीची बारीक तार घेऊन प्रत्येक मशीन, प्रत्येक गेज, तेलाचं एकेक भोक साफ करायचो. कुंकू तेलात मिसळलं की लुकण होतं आणि वाळलं की सिमेंट. लेथला ते चालून जातं. गेजला जात नाही, आणि तुझ्या वाटीला तर नाहीच: एक भोक अडलं की हवा एका बाजूने ढकलते.

बोललो का नाही? कारण मी, निकाळे, तुझ्या देवाचं कुंकू पुसतो हे इस्टेटमध्ये कळलं असतं तर त्याचा भलताच अर्थ निघाला असता. तुझ्याही मनात निघाला असता. म्हणून गप्प पुसलं. तुला वाटायचं, मशीन दसऱ्यानंतर गोड चालतात ती पूजेमुळे. तू तसं पटेलला सांगायचास. मी ऐकायचो.

मॅडमला मी अजून काही कळवलेलं नाही. त्या बाईने बरोबर असलेला प्रोग्रॅम चौदा वेळा मोडला. ते यंत्र पहिल्या दिवसापासून खरं सांगतंय की दोष बाहेर आहे. बाहेर म्हणजे तू.

पाच जानेवारीपर्यंत तू सांग. नाहीतर मी लिहीन. आणि मला बोलावू नकोस. मी आता पुसायला येणार नाही.

धोंडिराम

•

साकीनाका
२९ डिसेंबर १९८५

धोंडिबा,

पत्र वाचून पहिल्यांदा फाडलं. मग राजारामला दिसायला नको म्हणून तुकडे खिशात घातले. मग घरी जाऊन गोंदाने चिकटवलं. विमला म्हणाली, कुणाचं एवढं महत्त्वाचं? म्हटलं, शत्रूचं.

ऐक आता. आठ भोकं म्हणजे आठ आवाज. सात जण एका सुरात शिटी घालतायत आणि एक जण दम्याच्या पेशंटसारखा. तीन नंबरचं. दहा सेकंद कसले, मॅडमने कॉक फिरवला तेव्हाच कळलं. बाकी सगळं तू म्हणालास तेच. दहा मिनिटं मी तिथे बसून तोंड कसं ठेवायचं त्याचा विचार करत होतो.

का बोललो नाही ते सांगतो. तुलाच सांगतो, मॅडमना नाही सांगणार. गोळा पहिल्यांदा पेटीतून काढला तेव्हा मॅडमनी त्यावरून बोट फिरवलं. माझे सत्तावन्न दिवस त्या बोटाखाली. आणि काय म्हणाल्या? "अगदी निकाळ्यांच्या हातासारखं झालंय हो!"

माझ्या गाळ्यात, माझ्या लॅपिंगवर, तीन वर्षं मुंबईत नसलेल्या माणसाचं नाव. मी हसलो. म्हटलं, आभारी आहे. घरी येऊन जेवलो नाही. तुझ्या घशात गोळा, माझ्या घशात तू.

त्यानंतर भोक बंद आहे असं कसं सांगू? सांगितलं असतं तर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. "निकाळे असते तर…" तेवढं ऐकायला लागू नये म्हणून त्या बाईला मी तीन आठवडे आपल्याच कामावर संशय घेऊ दिला. लिहिताना वाचून बघतोय. बरं नाही दिसत.

आणि पेंटरकडे जागा होती. दीड फूट होती. तेव्हाही लोक येऊन विचारायचे, ते निकाळे कुठायत, हात त्यांचाच लागू दे. झालं, बोललो.

मंगळवारी जातो मॅडमकडे. कितव्या नंबरची तार वापरायचास तेवढं कळव. नाही कळवलंस तरी मी आणीन कुठून तरी.

गुणाजी

•

सातपूर
२ जानेवारी १९८६

गुण्या,

सोबत तार पाठवली आहे, कागदात गुंडाळून. टोक वाकवू नकोस. आधी रॉकेलचा थेंब, अर्धा तास थांब, मग तार. फिरवायची नाही, सरळ आत आणि सरळ बाहेर. घाईत भोक मोठं केलंस तर आठही परत पाडावी लागतील.

दीड फूट हे मला माहीत होतं. मी तेव्हा मोजलं होतं.

धोंडिराम

•

साकीनाका
२६ जानेवारी १९८६

प्रिय धोंडिबा,

आज सुट्टी, म्हणून सविस्तर लिहितो.

मंगळवारचं शेवटी मंगळवारी जमलं नाही. संस्थेच्या फाटकापर्यंत जाऊन चहा पिऊन परत आलो. तुझी तार पोस्टाने आली तेव्हा मात्र म्हटलं, आता नाही गेलो तर हिच्याच टोकाने डोळा फोडून घ्यावा. तुझी मुदत टळून दोन दिवसांनी, सात तारखेला गेलो. मॅडमना खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या घाबरल्या, म्हणाल्या, "घाडी, घरी काही झालंय का?"

सगळं सांगितलं. पूजा, कुंकू, तीन नंबर. ऐकलं तेव्हाच कळलं होतं, हेही. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, निकाळे असते तर. त्या म्हणाल्या, "म्हणजे पहिला प्रोग्रॅम बरोबर होता." एवढंच. मग चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिल्या. धोंडिबा, त्यांनी तुझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं रे.

तू लिहिलंस तसंच केलं. थेंब, अर्धा तास, सरळ आत, सरळ बाहेर. तारेच्या टोकाला लाल आलं, मोहरीच्या दाण्याएवढंही नव्हतं. दोन नंबरमधूनही थोडी हळद निघाली, ती मला ऐकूच आली नव्हती. हे तू कुणाला सांगू नकोस. मग कॉक फिरवला. आठ जण, एका सुरात. मॅडमनी चौदा प्रोग्रॅमांच्या खालून पहिला काढला.

वीस तारखेला मला बोलावलं नव्हतं, तरी गेलो आणि जिन्यात उभा राहिलो. तिथून ऐकू येतं. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. एकतिसाव्या मिनिटाला परीक्षकांपैकी एकाने म्हणे टेबलाच्या कडेला गुपचूप फुंकणी लावून फुंकर मारली, त्याला तपासायचं होतं. टेबल हललं आणि आपलं आपण परत दिव्याकडे वळलं. यंत्राने कागदावर छापून दिलं: दोष बाहेरून. तिघेही हसले म्हणे. मॅडम नाही हसल्या. काम पुढे तीन वर्षं चालू राहणार. जिन्यातले ते दोघे माझ्या शेजारीच उभे होते. एक म्हणाला, "नशीब बाईंचं." मी म्हटलं, "साहेब, जरा सरका, हवा अडतेय."

पुढची वाटी सोळा भोकांची आहे. मॅडमनी चिठ्ठीत लिहिलंय: लॅपिंग श्री. निकाळे यांनी करावं, ऐकायचं काम श्री. घाडी यांनी. म्हणजे अखेर ते वाक्य त्या बोलल्याच, लेखी. दोन दिवस मी चिडलेला होतो. मग म्हटलं, कळवू तर खरं. जॉब सातपूरला पाठवू की तू येतोस? दसऱ्याच्या आधी झाला तर बरं. नंतर झाला तर तुझ्या आधी, सातला, मी येईन.

वाटीखालच्या खांबाला पितळी पट्टी लावायची आहे, ती मी स्वतः कापली. दोन्ही नावं आधी पेन्सिलने लिहून बघितली. मावतात.

राजारामने इस्टेटमध्ये सगळ्यांना पेढे वाटले, घाडीशेठचा गोळा आकाशात चालला म्हणून. पटेल रोज विचारतो, कधी उडणार? त्याला काहीतरी सांगून वेळ मारतो. पण तू नोव्हेंबरात विचारलं होतंस, वर हवा नाही तर गोळा कशावर तरंगणार, आणि मी ते टाळलं होतं. मॅडमना विचारून आलो. गोळा कुठेही जाणार नाही. तळघरात काँक्रीटच्या खांबावरच राहणार. हवा सोडली की वाटीपासून बारा मायक्रॉन वर उठतो.

तुझा,
गुणाजी